मुक्कामी एकूण बेचाळीस

माझ्या नाकावर राग असतो असं सगळे म्हणतात, आणि ते खरं आहे. सत्तावीस वर्षं सहावीचा वर्ग सांभाळल्यावर नाकावर दुसरं काय राहणार? मुलं मला माझ्या पाठीमागे शिट्टीबाई म्हणतात आणि मला ते माहीत नाही असं समजतात. आमची शाळा बाजारामागे आहे. मुलांचे आईबाप हमाली करतात, कपडे शिवतात, लोकांची भांडी घासतात, जिने पुसतात. हे एवढ्यासाठी सांगते की पुढे जे झालं ते पैशांपासून सुरू झालं, आणि पैसे आमच्या शाळेत कधीच कोणाकडे नव्हते.

एकोणीस वर्षांपूर्वी मुलांना निसर्ग उद्यानात एक रात्र मुक्कामाला न्यायचं मी पहिल्यांदा ठरवलं. शहर बसचा शेवटचा थांबा, तिथून अर्धा तास चाललं की उद्यानाचं फाटक. आत जंगल, मधे तळं आणि तळ्याकाठी तंबू ठोकायला मोकळं मैदान. उद्यान सरकारी, म्हणजे सगळ्यांचं. फाटकावरच्या पाटीवर तसं लिहिलेलंच आहे. पाटीखाली दरपत्रक. आत शिरायचे वेगळे, मुक्कामाचे वेगळे, तंबूच्या जागेचे वेगळे, शेकोटीचे वेगळे. श्वास घ्यायचे तेवढे लावायचे राहिले होते. शाळांना निम्मी सवलत होती, पण निम्म्या दरातसुद्धा एका मुलाचं तिकीट त्याच्या घरच्या आठवड्याच्या दुधाएवढं होत होतं. बसचं भाडं आणि खाणंपिणं मिळून जेवढा खर्च, त्याहून तिकिटांचा जास्त. नाकापेक्षा मोती जड.

त्या वर्षी अठ्ठावीस मुलांनी पैसे आणले, अकरा जणांनी आणले नाहीत. मी त्या अकरांना सांगितलं, या वेळी घरी राहा, पुढच्या वेळी बघू. निघायच्या सकाळी ते अकराही जण शाळेच्या दारात हजर. त्यातल्या एका मुलीच्या पाठीवर दप्तर फुगलेलं दिसलं. उघडायला लावलं, तर आत घडी केलेली चादर आणि टॉवेल. "बाई, मी नुसती टाटा करायला आलेय," ती म्हणाली. टाटा करायला कोणी चादर घेऊन येत नाही. मी तिच्यावर ओरडले. ओरडायला हवं होतं स्वतःवर, पण शिक्षकांना ती सोय नसते.

मग मी मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन दादाला फोन लावला. दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. उद्यानाच्या फाटकावरची तिकिटाची खिडकी आणि गाड्या अडवायचा आडवा दांडा, दोन्ही त्याच्याच ताब्यात. मी त्याला अकरा मुलांचं सांगितलं. तो नेहमीप्रमाणे बराच वेळ गप्प राहिला. दादा बोलायच्या आधी एवढा थांबतो की समोरच्याला फोन कट झाल्यासारखं वाटतं.

"चार वाजता ये," तो शेवटी म्हणाला. "तेव्हा मी खिडकी बंद करून दिवसाचा गल्ला मोजत असतो. दांडा वर असेल. आणि त्या अठ्ठावीस जणांचेही परत कर. निम्म्यांनी देऊन जायचं आणि निम्म्यांनी न देता, तर तंबूत भांडणं लागतील."

अशी सुरुवात झाली. त्यानंतर दरवर्षी परीक्षा संपल्यावरच्या शुक्रवारी, चार वाजता, आमची वरात त्या वर केलेल्या दांड्याखालून आत जायची. आम्ही वाकायचोसुद्धा नाही. तंबू एका ओळखीच्या मंडपवाल्याकडून फुकट मिळायचे, त्यातले दोन गळके. संध्याकाळी अंधार पडायच्या आत दादा तळ्यावर यायचा, कानावरची पेन्सिल काढून प्रत्येक मुलाच्या डोक्यावर टेकवत मोजायचा आणि परत फाटकावर जायचा. मुलांना ते डोक्यावर टेकवणं फार आवडायचं. मला वाटायचं, दादाला स्वतःची मुलं नाहीत, म्हणून माया करून जातो बिचारा.

आपण काही चोरी करतोय असं मला कधीच वाटलं नाही, हे मी इथे कबूल करते. उलट मनातून थोडी शेखीच होती. लोक लष्कराच्या भाकऱ्या भाजतात, मी निदान आपल्या मुलांच्या भाजतेय, असं मला वाटायचं.

गेल्या वर्षीच्या मुक्कामानंतर काही दिवसांनी शाळेत एक परिपत्रक आलं. उद्यानाचे दर वाढणार होते. तेवढ्यावर असतं तर मी वाचून फाईलला लावलं असतं, कारण दराशी आमचा संबंधच नव्हता. पण खाली आणखी दोन कलमं होती. शालेय सवलत बंद करणार, कारण ती गेल्या एकोणीस वर्षांत आपल्या भागातल्या एकाही सरकारी शाळेने वापरलेली नाही. आणि तळ्याकाठचं सामूहिक मैदान बंद करून तिथे बारा लाकडी घरं बांधणार, संडास-बाथरूमसकट. एका घराचं एका रात्रीचं भाडं आमच्या मुलांच्या बापांच्या महिन्याच्या कमाईएवढं. ज्यांची हरकत असेल त्यांनी बुधवारी अकरा वाजता उद्यानाच्या माहिती केंद्रात यावं.

मी ते कलम तीनदा वाचलं. एकाही शाळेने वापरलेली नाही. माझी तळपायाची आग मस्तकात गेली, आणि तिथे पोचल्यावर मला कळलं की ही आग लावली कोणी. आम्ही तिकीट काढलं नव्हतं, म्हणजे आम्ही गेलोच नव्हतो. एकोणीस वर्षं मी मुलांचे पैसे वाचवले आणि त्या बदल्यात मुलंच पुसून टाकली.

रविवारी दुपारी मी दादाकडे गेले. फाटकाला लागूनच त्याचं दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. दादाच्या निवृत्तीला चार महिने राहिले होते, म्हणून निम्मं सामान आत्ताच खोक्यांत भरलेलं. वहिनी पलंगावर पाय लांब करून बसल्या होत्या. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेत. उठताना त्या आधी भिंतीला, मग कपाटाला, मग दादाला धरतात. निवृत्तीचे पैसे हातात आले की दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन करायचं हे कधीच ठरलेलं होतं. डॉक्टरांनी तारीखसुद्धा दिली होती.

मी परिपत्रक दादाच्या पुढ्यात ठेवलं. त्याने चष्मा शोधला, सावकाश वाचलं आणि घडी घालून मला परत दिलं. मी म्हटलं, यांना कसं सांगायचं की मुलं आली होती? कशावरून सांगायचं? फोटो दाखवले तर म्हणतील कुठल्याही तळ्याकाठचे असतील.

"वहीत आहेत ना," दादा म्हणाला.

"कुठल्या वहीत?"

मग त्याने जे सांगितलं ते मला एवढ्या वर्षांत ठाऊक नव्हतं. फाटकावर तिकिटांच्या पुस्तकाशिवाय आणखी एक वही असते, मुक्कामाची. रात्री आत किती माणसं झोपणार हे तिच्यात रोज लिहायचं. दादाच्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी जंगलात वणवा लागला होता. सगळे बाहेर आले असं समजून फाटक बंद केलं, आणि दोन माणसं आतच राहिली होती. ती सकाळी ओढ्यात गळाभर पाण्यात बसलेली सापडली, जिवंत, पण एकाचे दोन्ही हात भाजलेले. तेव्हापासून ही वही सुरू झाली. तिकिटांचा हिशेब जातो लेखा विभागाकडे, ही वही राहते अग्निसुरक्षेच्या कपाटात. दोन्ही विभाग एकमेकांचं तोंड बघत नाहीत. दादाने आमच्या मुलांचं तिकीट एकदाही फाडलं नव्हतं, पण वहीत मात्र एकही वर्ष एकही मूल सोडलं नव्हतं. पेन्सिल डोक्यावर टेकवायची ती मायेने नाही, मोजायला.

"अरे, म्हणजे तुझ्याच अक्षरात पुरावा आहे," मी म्हणाले, आणि म्हणतानाच मला त्याची दुसरी बाजू दिसली. मुलं आली होती याचा तो पुरावा, तसा दादाने फुकट सोडली याचाही तोच. वहिनींनी हातातला कप बशीत ठेवला. दादा उठला आणि बाहेर कोणाची गाडी आली बघायला गेला. रविवार होता, गाड्या येतच होत्या.

मी निघाले तेव्हा वहिनी भिंत धरत धरत दारापर्यंत आल्या. एरवी येत नाहीत.

"वन्सं, तुमच्याकडे आजवर काही मागितलं नाही," त्या म्हणाल्या. "बुधवारी त्या वहीचं नाव काढू नका. झाकली मूठ सव्वा लाखाची. चौतीस वर्षं ह्या माणसाने ऊन-वाऱ्यात दांडा वरखाली केलाय. चार महिन्यांसाठी त्याच्या पैशांवर पाणी नको. माझे पाय बघा आणि काय ते ठरवा."

मी त्यांच्या पायांकडे बघितलं. मग शब्द दिला. दुसरं काय करणार होते? मुलांना एक रात्र तळ्याकाठी झोपायला मिळणं मोठं की वहिनींना जिना चढता येणं मोठं, असा प्रश्न कोणी विचारला तर उत्तर पाचवीतलं पोरही देईल. तरी घरी येईपर्यंत मला रडू येत होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

बुधवारी माहिती केंद्रात पन्नास-साठ माणसं होती. भिंतीवर पेंढा भरलेलं एक घुबड, त्याखाली प्रोजेक्टरचा पडदा. दादा गणवेशात दाराशी उभा राहून आत येणाऱ्यांना मोजत होता. सवय. समोरच्या टेबलावर सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाई बसल्या होत्या, माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान, समोर कोरे कागद आणि तीन पेनं. मी मनातून त्यांच्याशी भांडायची तयारी करून आले होते, पण त्यांनी सगळ्यांना पाणी मिळालं का विचारलं आणि माझी पंचाईत केली.

योजना समजावून सांगायला एक सल्लागार आला होता. बुटांपासून केसांपर्यंत सगळं चकचकीत. त्याने पडद्यावर लाकडी घरांची चित्रं दाखवली. चित्रातल्या घरांच्या ओट्यावर गोरीगोमटी माणसं कॉफी पीत होती. मग आकडे आले. दूरच्या महागड्या शाळांचे आकडे चांगले भरघोस होते. त्याखाली आमच्या भागातल्या सरकारी शाळा, एकोणीस रकाने, आणि प्रत्येक रकान्यात शून्य.

"या वस्तीतल्या लोकांना निसर्गात फारसा रस दिसत नाही," तो म्हणाला. वाईट हेतूने म्हणाला नाही. शून्यं बघून कोणीही तेच म्हणालं असतं. तेच तर लागलं मला.

माझी पाळी आली तेव्हा मी उभी राहिले. मी वर्गात बोलते तेव्हा शेजारच्या वर्गातली मुलंही सरळ बसतात, पण त्या दिवशी माझा आवाज मलाच ओळखता येत नव्हता. मी मोघम बोलले. जंगल मुलांसाठी किती चांगलं असतं, मोकळी हवा वगैरे. निबंध चालला होता नुसता. शेवटी म्हटलं की आमच्या शाळेची मुलंही इथे येतात. अधिकारी बाईंनी पेन उचललं आणि विचारलं, कधी आली, किती आली, पावती आहे का? मी म्हटलं, पावती नाही. त्या म्हणाल्या, मग मी काय लिहू?

तेवढ्यात मागच्या रांगेत एक जण उठला. नळदुरुस्तीवाला, हातात पान्यांची पिशवी, कामावरून परस्पर आलेला. मी त्याला लगेच ओळखलं. पहिल्या वर्षीच्या त्या अकरांतला एक. "मॅडम, मी इथे आलो होतो, सहावीत असताना," तो म्हणाला. "तळ्यावर झोपलो होतो. बाईंनीच आणलं होतं."

अधिकारी बाईंनी त्याला विचारलं, तुम्ही तिकीट काढून आला होता का? त्याने माझ्याकडे बघितलं. आणि मी, जिने या मुलाला कधीकाळी शेजाऱ्याचा खोडरबर घेतला म्हणून सगळ्या वर्गासमोर खरं बोलायला लावलं होतं, मी त्याला मानेने नको म्हणाले. त्याने तोंड मिटलं आणि तो खाली बसला. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. अजून ते आठवलं की मी हातातलं काम ठेवून उभी राहते.

सल्लागाराने पुढची चित्रं सुरू केली. मी मान वर केली तर दाराशी दादा नव्हता.

दहा मिनिटांनी तो आला तो बागेची एकचाकी हातगाडी ढकलत. माळी जिच्यातून खत नेतो ती. चाकाला तेल नव्हतं, त्यामुळे सगळं सभागृह वळून बघायला लागलं. गाडीत वह्या होत्या, लाल कापडी पाठीच्या, काहींना वाळवी लागलेली. त्याने गाडी थेट टेबलापर्यंत नेली आणि एकेक करून वह्या अधिकारी बाईंच्या समोर रचल्या. मी दोनदा "दादा" म्हणाले, त्याने ऐकलं नाही.

"मुक्कामाच्या वह्या आहेत," तो म्हणाला. "परीक्षेनंतरचा शुक्रवार बघा. प्रत्येक वहीत. खुणेला कागद घातलाय."

बाईंनी सगळ्यात खालची वही काढली, कागद घातलेलं पान उघडलं आणि मोठ्याने वाचलं. "बाजारामागची शाळा. मुलं एकोणचाळीस, शिक्षक तीन. मुक्कामी एकूण बेचाळीस." मग दुसरी वही. मग तिसरी. त्या एका कोऱ्या कागदावर आकडे लिहीत गेल्या. सल्लागाराने स्वतःहून प्रोजेक्टर बंद केला. एकोणिसाव्या वहीनंतर त्यांनी बेरीज केली, परत एकदा केली, आणि म्हणाल्या, सातशे एकसष्ट मुलं. माझ्या मुलांची बेरीज तोवर कोणीच केलेली नव्हती, मीसुद्धा नाही. माझे डोळे भरून आले ते भीतीने की अभिमानाने हे मला तेव्हा कळलं नाही, आजही कळत नाही.

"हे अक्षर कोणाचं?" त्यांनी विचारलं.

"माझं."

"आणि तिकिटं?"

"फाडली नाहीत."

"का?"

दादा नेहमीप्रमाणे थांबला. या वेळी सगळं सभागृह त्याच्याबरोबर थांबलं.

"मुलांकडे पैसे नव्हते म्हणून," तो म्हणाला. "ती चूक माझी. काय शिक्षा असेल ती द्या. या पोरांना जंगलात रस नाही असं कोणी म्हणालं तर मी ऐकून घेईन, ज्याचं त्याचं मत. पण ती आलीच नाहीत असं लिहू नका. मी एकेकाच्या डोक्याला हात लावून मोजलंय. वणवा लागला असता तर मी त्यांनाच काढायला आत जाणार होतो."

मी उभी राहिले. म्हटलं, दरवर्षी फोन मी करत होते, माझंही नाव लिहा. अधिकारी बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग दादाकडे. मला वाटलं आता त्या काहीतरी चांगलंसं बोलतील. त्या म्हणाल्या, "या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक मैदानाची, एक तुमची. मला दोन्ही लिहाव्या लागतील." आणि त्यांनी दोन वेगळे कागद घेतले. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, म्हणून मला त्यांचा धड रागही करता आला नाही.

मैदान राहिलं. लाकडी घरं तळ्यापासून दूर, फाटकाजवळच्या पडीक जागेत बांधायची ठरलं. आमच्या भागातल्या सरकारी शाळांच्या मुलांना तिकीट माफ झालं. माफ म्हणजे तिकीट घ्यायचंच, पण त्यावर दर शून्य छापलेला. प्रत्येक मुलाचं वेगळं, म्हणजे आकडा राहील. हा मुद्दा अधिकारी बाईंनीच घातला असं नंतर कळलं.

दुसऱ्या कागदाचं काम त्याहून भराभर झालं. माझ्या सेवापुस्तकात ताशेरे आले. ते मी वाचले, त्यात शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या, त्या दुरुस्त करून सही केली. दादाची चौकशी झाली. सातशे एकसष्ट मुलांच्या तिकिटांची वसुली सवलतीच्या दराने लावली, ती त्याच्या निवृत्तीच्या रकमेतून वळती केली, आणि वर दंड. क्वार्टर सोडून ते शहरात एका भाड्याच्या खोलीत राहायला गेले, दुसऱ्या मजल्यावर. वहिनींनी माझ्याशी बोलणं सोडलं. त्यांना वाटत होतं वहीचं मीच दादाच्या डोक्यात भरवलं. मी खुलासा करायला गेले नाही. एका अर्थी ते खरंच होतं, एकोणीस वर्षांपूर्वीच्या त्या फोनपासून.

मी माझी एक ठेव मोडली आणि पाकीट घेऊन गेले. दादा म्हणाला, असलं काही चालणार नाही, उचल. मी पाकीट घेऊन जिना उतरायला लागले तर मागून वहिनींनी हाक मारली. हाक म्हणजे नुसतं "थांबा". त्यांनी कठडा धरून हात पुढे केला, पाकीट घेतलं, माझ्यासमोर मोजलं आणि दार लावून घेतलं. त्या पैशांत एका गुडघ्याचं झालं. दुसरा वाट बघतोय.

या वर्षी परीक्षेनंतरच्या शुक्रवारी आम्ही गेलो. चार वाजता नाही, सकाळी अकरा वाजता, खिडकी उघडी असताना, राजरोस. फाटकावर आता एक नवी मुलगी आहे, कडक इस्त्रीच्या गणवेशातली. तिने चव्वेचाळीस मुलांची चव्वेचाळीस तिकिटं एकेक करून फाडली. प्रत्येकावर तारीख, शाळेचं नाव, दर शून्य. पाऊण तास लागला. मुलं कंटाळली, दोघं भांडली, एकाला शी लागली. मी तीनदा शिट्टी वाजवली. तरी मला ती रांग लांबत जावी असंच वाटत होतं.

रांगेच्या शेवटाला गेले तर तिथे दादा उभा होता. साध्या शर्टात. गणवेशाशिवाय तो निम्मा दिसतो. पाठीवर जुनी पिशवी, बगलेत गुंडाळलेली सतरंजी. मी विचारलं, तू इथे कसा? म्हणाला, मुक्कामाला आलोय. चौतीस वर्षांत आत एकदाही झोपलेलो नाही. फाटक सोडून जाता येत नव्हतं ना. मी विचारलं, वहिनी? त्या त्याला म्हणाल्या होत्या, जा, पण माझ्याविषयी तिकडे कोणाशी बोलू नका. कोणाशी म्हणजे माझ्याशी.

आमची मुलं आत गेली आणि तो खिडकीशी आला. नव्या मुलीने त्याला ओळखलं नाही. ती कशी ओळखणार? तिने विचारलं, शाळेबरोबर आहात का? मी पटकन हो म्हणणार होते. जीभ उचललीसुद्धा. दादाने माझ्याकडे न बघता सांगितलं, नाही, मी एकटा. तिने दरपत्रक बघून चिठ्ठ्या फाडल्या. प्रवेश, मुक्काम, सतरंजी टाकायच्या जागेचे वेगळे. नवे दर, पूर्ण, निवृत्तांना काही सूट नाही. मी पर्स उघडली. त्याने माझं मनगट धरलं, घट्ट, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचा तसं, आणि दुसऱ्या हाताने खिशातून नोटा काढून खिडकीत सरकवल्या.

मुलीने सुट्टे परत दिले. तो ते हातावर घेऊन बराच वेळ बघत उभा राहिला. त्या खिडकीच्या आतल्या बाजूला त्याचा जन्म गेला होता, बाहेरच्या बाजूला तो पहिल्यांदाच उभा होता. मागची माणसं खोळंबली तेव्हा मी त्याला कोपराने ढकललं.

"एवढे लागतात?" दादा मला म्हणाला. "मग लोक येतात तरी कसे गं?"